भिंतीवरचा पासवर्ड

आमच्याकडे खाजगी या शब्दाचा अर्थ एकच. जे सरकारी नाही ते. खाजगी गाडी म्हणजे एसटी चुकली की म्हसावदपर्यंत नेणारी काळीपिवळी. खाजगी दवाखाना म्हणजे जिथे सलाईन लगेच लावतात. खाजगी शाळा म्हणजे टाय. त्यामुळे घरात नेटची डबी बसली त्या दिवशी माझ्या सासूने विचारलं, "हाई सरकारी शे का खाजगी?" आणि नेटवाला म्हणाला, "खाजगी, मावशी. एकदम खाजगी." तो तेव्हा खोटं बोलला असं मला आजही म्हणता येत नाही.

सासूला मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा, आमच्या भागात तसंच म्हणतात. मी माहेरची खांडबाऱ्याची. बी.ए., इतिहास घेऊन. माहेरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि या घरातही पहिली मीच. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते, कारण सांगण्यासारखं आहे. तोटा एवढाच की घरातली वायर असलेली कुठलीही वस्तू रुसली की ती माझ्यासमोर आणून ठेवतात. मिक्सर, मीटर, मोबाईल. मी म्हणते, मला शिवाजी महाराजांची सुरतेची स्वारी विचारा. त्यावर आत्यांचं ठरलेलं उत्तर: "इतलं शिकनी आनि डब्बी समजत नही?"

नाही समजत. तेव्हा समजत नव्हती आणि आता हे लिहिताना तर त्याहून कमी समजते आहे.

डबी आली ती नणंदेच्या लग्नात. मामांना कुणीतरी सांगितलं होतं की नवरदेवाकडची मंडळी मोबाईलवाली आहे, नेट नसेल तर मांडवात तोंड पाडून बसतील. मामांनी मनावर घेतलं. "पाव्हना उना की पहिले पानी," ते म्हणाले, "मंग पासवर्ड."

नेटवाला आमच्या पंचक्रोशीतलाच. तिशी ओलांडलेला, हसतमुख, खांद्यावर काळ्या वायरचं वेटोळं. तो कंपनीचा माणूस नाही, पण कंपनीचं सगळं काम तोच करतो. आमच्या गावात वायर त्याने टाकली आणि नणंदेच्या सासरच्या गावातही त्यानेच. कुणाच्या घरी किती खोल्या, कुठल्या भिंतीला ड्रिल लागतं, कुणाचं कुत्रं चावतं, सगळं त्याला पाठ.

डबी भिंतीला लागली, दिवे लुकलुकले आणि त्याने मोबाईल नंबर मागितला. ओटीपी येणार होता. मामा पपईच्या शेतात, त्यांचा फोन त्यांच्या खिशात. माझा फोन नवऱ्याकडे आणि नवरा किराणा भरायला नंदुरबारला. आत्यांचा फोन चार्जिंगला लावून बंद पडलेला. माझे दोन्ही हात हळदीने भरलेले.

"जाऊ द्या वहिनी, मन्हा नंबर टाकी देस," तो म्हणाला. "नंतर बदली दिसू."

"बरं," मी म्हणाले. लग्नघरात एक काम कमी झालं.

पासवर्ड काय ठेवायचा हेही त्यानेच सुचवलं. नवरा-नवरीचं नाव लागोपाठ, इंग्रजीत. "याद ऱ्हाई," म्हणाला. नणंद आतल्या खोलीत मेंदीचे हात वर धरून बसली होती. ती लाजली, आणि तो पासवर्ड पक्का झाला.

आता भिंतीचं सांगते. आमच्याकडे लग्न असलं की पेंटर येतो आणि दाराशेजारच्या भिंतीवर रंगवतो: गणपती, दोन बाजूंना केळीचे खांब, मधे दोघांची नावं, खाली शुभविवाह. मांडवाच्या दिवशी जो येई तो पाणी पिऊन पासवर्ड विचारी. मी सांगून सांगून दमले, मग नणंदेच्या मैत्रिणी दमल्या. पेंटर अजून केळीची पानं भरत होता. मामांनी त्याला हाक मारली, "ओ भो, तठेच लिखी दे ना."

त्याने लिहिलं. पिवळ्या ऑइल पेंटने, नावांच्या बरोबर खाली. वायफाय पासवर्ड, पुढे इंग्रजी अक्षरं, दोन्ही बाजूंना एकेक कमळ. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला आम्ही तोंड दिलं.

आणि लग्नाची भिंत पुसायची नसते. ती पावसाने धुपली तर धुपू द्यायची, उन्हाने उडाली तर उडू द्यायची, आपण हात लावायचा नाही, जोडप्याला चांगलं नसतं. चुन्यात रंगवलेलं दोन पावसाळ्यांत जातं. हा ऑइल पेंट होता. तो बसला.

लग्नानंतर आमचा ओटा गावात प्रिय झाला. दूध घालून परतणारे टेकत, कॉलेजची पोरं टेकत, समोरच्या आळीतल्या आजीबाई नातवाशी व्हिडिओवर बोलायला यायच्या. आत्यांनी डबीला पांढऱ्या दोऱ्याचं क्रोशाचं आवरण विणलं, जसं टीव्हीला विणलं होतं. मला यात कधी काही वावगं वाटलं नाही. उलट अभिमान वाटायचा, की आपल्या दारातून कुणी कोरडा जात नाही.

मग नणंद दिवाळीला आली आणि परत गेली नाही.

मारहाण नाही, भांडण नाही. लग्नाआधी तिने नर्सिंग केलं होतं आणि बोलणी करताना तिकडचे म्हणाले होते, नोकरी करू देऊ. नंतर ते म्हणू लागले, पुढच्या वर्षी पाहू. जावई तसा शांत माणूस, आईसमोर गप्प बसणारा. दिवाळीची पाच दिवसांची पिशवी घेऊन आलेली नणंद तुळशीचं लग्न झालं तरी इथेच होती, आणि आत्या शेजारणींना सांगत होत्या, "थंडी गयी की जाई."

एका दुपारी मी ज्वारी निवडत होते. नणंद जवळ येऊन बसली आणि खडे काढता काढता म्हणाली, "वहिनी, सुरतना दवाखानानी मले मुलाखतले बलायेल शे. व्हिडिओवर."

मी म्हणाले, "मग अडचण काय?"

अडचण कागदांची होती. नर्सिंगचं प्रमाणपत्र, नोंदणी, मार्कशीट, सगळं मूळ कागद सासरच्या कपाटात. किल्ली सासूच्या कमरेला. कामावर रुजू होताना मूळ कागद लागणार. ते हातात येण्याआधी तिकडे सुरत हा शब्द कळला तर ते कपाट उघडणार नव्हतं. तिचा विचार होता की काहीतरी निमित्त काढून कागद आणायचे आणि मग सांगायचं.

"कोनले सांगू नको," ती म्हणाली. "भाऊले बी नही."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. ती मी पाळली. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढे याच एका गोष्टीवर माझं घरात राहणं अवघड झालं.

मागच्या खोलीत रेंज नीट येत नाही. म्हणून ती डबीच्या खालीच पाटावर बसायची, कानात वायर घालून. मुलाखत दोन-तीन वेळा झाली. कधी मॅडम, कधी सर. इंजेक्शन, सलाईन, पेशंटशी बोलणं. ती हळू आवाजात हिंदी बोलायची. आत्या दुपारी झोपलेल्या, मामा शेतात. मला वाटायचं, किती छान, चार भिंतींच्या आत बसून पोरगी सुरतेला जाऊन येते आणि कुणाला पत्ता नाही.

मग विहीणबाईंचा फोन आला.

आत्या फोनवर बोलतात तेव्हा स्पीकर लावूनच बोलतात, नाहीतर समोरच्याला ऐकू जात नाही अशी त्यांची समजूत आहे. मी चुलीपाशी, नणंद कपडे घडी करत.

"काय ईनबाई, मजामा का?" पलीकडून आवाज. "पोर बी मजामा शे म्हने. आयकं दुपारभर व्हिडिओवर बोलस."

"कोन, आमनी पोर?" आत्या म्हणाल्या. "तिन्या मैत्रिनी शेतस ना."

"हा, मैत्रिनी. सुरतन्या मैत्रिनी व्हतीन." मग एक हसू, लोणच्यातल्या कैरीसारखं. "चालू द्या. आम्हले काय, आम्ही खेडाना लोके."

फोन बंद झाला. आत्यांनी विचारलं, "सुरतले तुन्ही कोन मैत्रीन शे वं?" नणंदेने माझ्याकडे पाहिलं. घडी केलेला टॉवेल तिने उलगडला, परत घडी केला, परत माझ्याकडे पाहिलं.

माणूस जेव्हा खरंच निर्दोष असतो तेव्हा त्याचा चेहरा चोरासारखा होतो. माझा झाला.

नंतर मी तिला म्हणाले, "ताई, मी नाही सांगितलं."

"मंग कोनी सांगं? भीतनी सांगं?"

तिने टोमणा मारला होता, पण मी भिंतीकडेच बघत बसले.

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. भाजी काय करायची, मोटर चालू आहे का. मुलाखतीची शेवटची फेरी राहिली होती, ती म्हणाली, जाऊ दे, आता काय उपयोग. आणि मी दिवसभर एकच कोडं सोडवत होते. ती बोलायची हे मला माहीत. ती बोलायची हे तिला माहीत. तिसरं तिथे कोण होतं? डबी.

मला हा विचार आला आणि मी स्वतःलाच हसले. आत्यांसारखी झाले, म्हटलं.

पण दुपारी क्रोशाचं आवरण काढलं आणि डबी उलटी केली. खाली एक चिकटपट्टी होती. त्यावर टिंबांनी जोडलेले आकडे, एक नाव, एक पासवर्ड. नाव आणि पासवर्ड एकच होते, जणू कुलूपही तेच आणि किल्लीही तीच. ते आकडे मी फोनमध्ये टाकले. पान उघडलं, सगळं इंग्रजी. मी शब्दाला शब्द लावत गेले. एके जागी, सध्या कोण जोडलेलं आहे आणि आधी कोण जोडलं गेलं होतं ते दाखवत होतं. आमच्या घरात माणसांइतकेच फोन. तिथे मात्र वाचता वाचता अंगठा दुखावा इतके. कुणाचा फोन, कुणाचा टीव्ही, एक तर काय होतं ते मला कळलंच नाही, नुसतीच अक्षरं. आणि मधे एक नाव ओळखीचं. जावयांच्या फोनचं. त्यांनी स्वतःचं नाव फोनला दिलेलं आहे, लग्नात मी पाहिलं होतं. फोन जोडलेला नव्हता, पण कधीतरी जोडला गेल्याची खूण तिथे होती.

लग्नातली की आत्ताची? ते आमच्या रस्त्यावरून अधूनमधून जातात का? गाडी थांबवून उभे राहतात का? पानावर वेळ लिहिलेली होती, पण डबीचं घड्याळ भलतंच वर्ष दाखवत होतं. मी इतिहास शिकले, साल चुकलं की पुढचं सगळं चुकतं एवढं मला कळतं.

शेवटी मी नेटवाल्याला फोन केला. म्हटलं, नेट हळू चालतंय, येऊन जा.

तो आला, खाटेवर बसला, चहा घेतला. आत्या समोर. नणंद आतल्या दाराशी. मी म्हणाले, "भाऊ, आमच्या डबीतून आमच्या घरातलं बाहेर कळतं का?"

"काहीच नही कळत," तो म्हणाला. "एकदम खाजगी शे." आणि मग, आपलं म्हणणं पटावं म्हणून, त्याने स्वतःचा फोन काढून मला दाखवला. "हाई दखा ना."

त्याच्या फोनमध्ये आमचं गाव होतं. घराघराला एक हिरवा ठिपका. ज्यांच्या लग्नात, बारशात, घाईत त्याने स्वतःचा नंबर टाकला होता ती सगळी घरं. आमच्या ठिपक्यावर त्याने बोट ठेवलं. आमचे फोन उमटले. नणंदेच्या फोनसमोर एक उभी रेघ, दुपारी उंच गेलेली.

"हाई दखा, दुपारे जोरमा चालस. व्हिडिओ शे. त्यामुयेच तुमनं नेट हयू चालस."

नणंद दारातून पुढे आली. "तुम्हले हाई रोज दखास?"

"रोज कोन दखस, ताई? तक्रार उनी त दखनं पडस."

"मंग मन्हा सासरले कोनी सांगं?"

तो खरंच विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला, काहीतरी चांगलं आठवल्यासारखा. "हा, जवाईबोवा भेटनात ना सारंगखेडाना यात्रामा. घोडा दखी ऱ्हायना व्हतात. मले विचारं, घरना कसा शेत? मी सांगं, समदा मजामा. ताई बी मजामा, दुपारभर व्हिडिओवर गप्पा मारस." तो आमच्या तोंडांकडे बघू लागला. "खुशाली सांगी, वहिनी. वाईट काय सांगं मी?"

आता याला काय म्हणायचं? आमच्याकडे या गावाहून त्या गावाला जाणारा माणूस खुशाली सांगतोच. तुमची गाय व्याली, तुमच्या आईचा ताप उतरला. न सांगणारा माणूस माजलेला समजतात. त्याने तेच केलं होतं, फक्त गायीच्या जागी रेघ होती.

"आनि सुरत?" नणंदेने विचारलं. "सुरतनं कोनी सांगं?"

"सुरत?" तो म्हणाला. "सुरतनं मले काय माहीत?"

मला तो खरा वाटला. पण मी त्याच्या खांद्यावरून फोनकडे बघत होते. त्या पानाच्या खाली अजून एक चौकोन होता. लहान मुलांनी काय पाहिलं ते पालकांना कळावं, अशा अर्थाचं इंग्रजीत लिहिलं होतं. मी विचारलं, "हे काय आहे?" तो म्हणाला, "ते मी कधी उघडत नही," आणि अंगठ्याने पान वर सरकवलं. हे त्याने संकोचाने केलं की सवयीने, ते मला आजही ठरवता येत नाही. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं, एकाच साधनावर विसंबू नये. इथे साधन एकच, आणि ते माझ्याच घरातला चहा पीत होतं.

आत्यांनी सगळं ऐकलं आणि त्यांना एवढंच कळलं की आपल्या घराचा ठिपका परक्याच्या खिशात आहे. "काढ त्याले," त्या म्हणाल्या. "आमनं घर काढ तुन्हा फोनमाईन."

"मन्हावर भरोसा नही का, मावशी?"

"भरोसा शे. म्हनीसनच च्या पाजा. पन काढ."

काढणं सोपं नव्हतं. मी कंपनीच्या नंबरवर फोन लावला. तिकडची बाई हिंदीत म्हणाली, नोंदणीकृत नंबरवरून फोन करा. नोंदणीकृत नंबर नेटवाल्याचा. म्हणजे आमच्या घरातून त्याला बाहेर काढायला त्याचीच परवानगी हवी. मग त्याच्या फोनवरून मी बोलले. ओटीपी आला, तोही त्याच्याच फोनवर. तो बिचारा आकडे मोठ्याने वाचत होता, मी ते बाईंना सांगत होते. स्वतःच्याच निरोपाचं भाषण वाचून दाखवावं तसा तो दिसत होता. शेवटी त्याच्या नंबरच्या जागी माझा नंबर नोंदला गेला. त्याच्या फोनमधला आमचा ठिपका गेला.

मी बाईंना विचारलं, "आता आमच्या डबीत कोण बघू शकतं?"

"मॅडम, अब आप देख सकती हैं."

"आणि तुम्ही?"

"मॅडम, डिवाइस कंपनी का है. अपडेट वगैरह कंपनी से होता है."

"म्हणजे तुम्ही बघता?"

"नहीं मॅडम. अपडेट होता है."

मी तोच प्रश्न तीनदा विचारला, त्यांनी तेच उत्तर तीनदा दिलं, आणि दरवेळी ते आधीपेक्षा गोड होतं. आत्यांनी विचारलं, काय म्हणाली? मी म्हणाले, डबी आपली नाही, कंपनीची आहे, आपल्याकडे ठेवलेली आहे. आत्या म्हणाल्या, "मंग आपन कसाले विनकाम करं तिले?"

नेटवाला उठला. जाताना म्हणाला, "पासवर्ड बी बदली टाका, वहिनी. पन पहिले ती भीत पुसा."

तिथे सगळं अडलं.

आत्या भिंतीला हात लावू देईनात. वर दोघांची नावं होती. पोरगी माहेरी बसलेली असताना आईनेच नावांवर पांढरा हात फिरवायचा? गाव काय समजेल? आणि गाव जाऊ दे, पोरीच्या संसाराचं काय होईल? त्या ओट्यावर बसून राहिल्या, पाठ भिंतीला लावून, जणू कुणी ब्रश घेऊन येणारच आहे. मामा म्हणाले, खालची एक ओळ पुसू, नावं राहू दे. पण खालची ओळही नावांचीच होती. इंग्रजी अक्षरांत, जोडून, मधे जागा न सोडता लिहिलेली.

"इंग्रजीमा शे ती," मामा म्हणाले. "इंग्रजीमाईन पुसं त दोष लागत नही."

हे कुठल्या शास्त्रात आहे कुणास ठाऊक. आत्यांनी मात्र बराच वेळ विचार करून ते मान्य केलं. मामांनी स्वतः पांढरा ऑइल पेंट लावला. कमळांसकट एक पांढरा पट्टा तयार झाला, आणि वरची नावं आधी कधी दिसली नव्हती इतकी ठळक दिसू लागली.

नवा पासवर्ड मी ठेवला. तो काय ठेवला हे लिहीत नाही, एवढं तरी मी शिकले. घरात सगळ्यांच्या फोनमध्ये मीच टाकून दिला. नणंदेचा फोन हातात घेतला तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, मले वाटनं व्हतं तूच सांगं."

"मला माहीत आहे," मी म्हणाले.

"अजून बी समजत नही, सुरत कोनी सांगं ते."

"मलाही नाही समजत."

यावर आम्ही दोघी हसलो. माफी वगैरे काही झाली नाही, पण संध्याकाळी तिने माझ्या ताटात न विचारता भाकरी वाढली.

शेवटची मुलाखत तिने दिली. घरात नाही, मळ्याच्या रस्त्यावर, निंबाखाली उभं राहून, स्वतःच्या मोबाईलच्या नेटवर. मी थोडं पुढे उभी राहून कुणी येतंय का बघत होते. मला कळत नव्हतं की हे जास्त लपलेलं आहे की जास्त उघडं. डबीपासून लांब आलो होतो, पण उसाला पाणी भरणारी दोन माणसं आमच्याकडेच बघत होती.

तिची निवड झाली. त्याच जागी उभं राहून तिने नवऱ्याला फोन केला. निमित्त काढायचा बेत तिने सोडून दिला होता. "हां, सुरतले जाई ऱ्हायनू," ती म्हणाली. "तुम्हले माहीतच शे ना समदं. मन्हा कागद पाहिजेत." पलीकडचं मला ऐकू आलं नाही. ती "बरं" म्हणाली, परत "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

जावई आले ते भर दुपारी, मोटरसायकलवर, शर्टाच्या आत पोटाशी प्लास्टिकची फाईल दाबून. घरात या म्हटलं तर ओट्यावरच बसले. मी पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी सवयीने खिशातून फोन काढला. बोट फिरवलं. थांबले. परत फिरवलं. मग त्यांनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. नावं होती, खाली पांढरा पट्टा होता.

"नेट बंद शे का?" त्यांनी विचारलं.

"चालू शे," आत्या म्हणाल्या.

त्यांनी फोन खिशात ठेवला. नणंद बाहेर आली. त्यांनी फाईल तिच्या हातात दिली. "दखी ले, समदं शे का." तिने एकेक कागद काढून पाहिला. सगळं होतं. नोंदणीच्या कागदाला नवं प्लास्टिकचं पाकीट घातलेलं होतं, आधी नव्हतं ते.

"मायनी किल्ली कशी दिन्ही?" तिने विचारलं.

"दिन्ही नही. मी लिन्ही." मग म्हणाले, "सुरतनं मी नही सांगं मायले. व्हिडिओनं सांगं व्हतं, ते मन्ही चूक शे. सुरतनं मायनीच मले सांगं."

"त्यास्ले कोनी सांगं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चटकन नजर काढून घेतली. "ती म्हने, तुमनाच घरमाईन समजनं."

आमच्याच घरातून. मी भिंतीकडे पाहिलं, उघड्या दारातून आत डबीकडे पाहिलं, आत्यांकडे पाहिलं, आणि क्षणभर, खोटं कशाला बोलू, नणंदेकडेही पाहिलं. झोपलेल्या आत्या खरंच झोपलेल्या असायच्या का? नातवाशी बोलायला येणाऱ्या आजीबाई ओट्यावर किती वेळ बसायच्या? की नेटवाल्याच्या फोनमधल्या त्या चौकोनातून कुणीतरी बघितलं होतं? ज्याच्याकडे बघावं तो माझ्याकडेच बघत होता.

जावई उठले. गाडीला किक मारायच्या आधी, अर्धवट हसत, नणंदेला म्हणाले, "नवा काय ठेवा मंग?"

आमच्या दारात पाहुण्याने पासवर्ड विचारावा आणि कुणी सांगू नये असं कधी झालं नव्हतं. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नणंदेकडे.

"पानी अजून दिऊ का?" तिने विचारलं.

"नको," ते म्हणाले. "पोट भरनं." आणि गेले. रस्त्याच्या वळणापर्यंत नणंद उभी होती.

ती आता सुरतेला आहे. नंदुरबारहून गाडीत बसवून द्यायला मीच गेले होते, खांडबाऱ्यापर्यंत सोबत केली आणि माहेरी उतरले. जावई कधी कधी सुरतेला जातात असं ऐकते. कुणी सांगितलं ते विचारू नका, मीही विचारलं नाही.

तिचा रात्री फोन येतो, व्हिडिओवर. त्याआधी आत्या उठतात, डबीवर क्रोशाचं आवरण आहेच, त्यावर एक जाड टॉवेल टाकतात, चांगला चारी बाजूंनी दाबून. मग फोन घेतात आणि स्पीकर लावून, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात लेकीशी बोलतात. मी एकदा सांगून पाहिलं, "आत्या, टॉवेलने काही होत नाही. डबी तशी ऐकत नसते."

"मंग कशी आयकस?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं होतं. मग टॉवेलचं एक टोक सुटलेलं दिसलं, ते मी नीट आत खोचलं.